दुसरी सही कोणाची?

'अनामत' हा शब्द आपण सहज वापरतो. घर भाड्याने घेताना अनामत, निवडणुकीला उभे राहताना अनामत, ग्रंथालयात नाव नोंदवताना अनामत. मूळ अरबी शब्द 'अमानत'. मराठीत येता येता त्यातल्या 'म' आणि 'न'ने जागा बदलल्या आणि तो आपला झाला. अर्थ मात्र बदलला नाही. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली आणि मागेल तेव्हा परत द्यायची वस्तू, ती अमानत. तिच्यात लबाडी झाली तर उर्दूत 'खयानत' म्हणतात. हा दुसरा शब्द मराठीत काही रुळला नाही. ती गोष्ट मात्र आपल्याकडेही घडत राहिली.

आज बोलायचे आहे ते या अमानतीवर नजर ठेवणाऱ्यांविषयी. निमित्त ताजे आहे. ऑगस्ट २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एका समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. बँका आणि वित्तसंस्था कृत्रिम बुद्धिमत्ता वापरू लागल्या आहेत. तिच्यावर अंकुश कोणाचा, हा त्याचा विषय. समितीची एक शिफारस अशी की, प्रत्येक संस्थेच्या संचालक मंडळाने या यंत्रबुद्धीच्या वापराचे धोरण स्वतः मंजूर करावे आणि तिच्यावर देखरेख ठेवावी. म्हणजे यंत्र कितीही शहाणे असले तरी शेवटची सही माणसांच्या मंडळाचीच.

वाचायला हे सोपे आहे. पण संचालक मंडळांना आजवर नजर ठेवणे किती जमले आहे? महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर सापडते, आणि ते फारसे सुखावणारे नाही.

सुरुवात कंपन्यांच्याही आधीपासून करू. शिवकालात किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन मुख्य अधिकारी असत. किल्ला एकाच्या हाती नसे. एकाच्या मनात पाप आले तरी दुसरे दोघे जागे असत. पुढे पेशवाईत मोठ्या मामल्यावर मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस अशी माणसे असत. त्यांना दरकदार म्हणत. हिशेबाच्या कागदावर ठरलेल्या दरकदाराचा शेरा पडल्याखेरीज तो कागद पुरा होत नसे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, मामलेदाराला या दरकदारांना काढून टाकता येत नसे. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्या मर्जीवर नजर ठेवणाऱ्याची भाकरी अवलंबून नव्हती.

हे शब्द जरा कान देऊन ऐका. हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, दप्तर, मुजुमदार. फारसी-अरबी मुळाचे हे शब्द ब्राह्मणाच्या, प्रभूच्या, मराठ्याच्या आणि मुसलमानाच्या तोंडी सारखेच होते. चोख हिशेबाला जातधर्म नव्हता.

ही व्यवस्था निर्दोष होती असे नाही. मामलेदार आणि दरकदार एक झाले की रयतेला वाली नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महाल मक्त्याने दिले जाऊ लागले, तेव्हा जास्त रक्कम कबूल करणाऱ्याच्या हाती कारभार गेला आणि हिशेब पाहणाऱ्याचा धाक संपला. पण मूळ तत्त्व पक्के होते. दुसरी सही हवी, ती जाणत्याची हवी आणि ती निर्भय हवी.

आता मुंबईकडे वळू. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली. दोन वर्षांत ताडदेवची गिरणी सुरू झाली. १८५७च्या कायद्याने भागधारकांची जबाबदारी त्यांच्या भागापुरती मर्यादित केली. परक्याच्या पैशावर मोठा धंदा उभारण्याची वाट मोकळी झाली, आणि त्या पैशाची राखण करायला संचालक मंडळ ही नवी जागा तयार झाली. दरकदाराचेच काम, पण खुर्ची नवी.

या खुर्चीची परीक्षा फार लवकर झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे भाग तर हातोहात खपत. या सगळ्याच्या मध्यभागी होते प्रेमचंद रायचंद. राजाबाई टॉवर उभा राहिला तो त्यांच्याच देणगीतून. दातृत्व खरे होते आणि सट्टाही खरा होता.

त्या वेळी मुंबईत सगळ्यांत भक्कम मानली जाणारी बँक म्हणजे १८४० साली स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे. तिच्यात सरकारचे भाग होते, मंडळावर सरकारने नेमलेले संचालकही होते. १८६३च्या नव्या कायद्याने कर्ज देण्यावरची जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरवर कर्ज देणे शक्य झाले. बँकेचे सेक्रेटरी दुबळे निघाले. प्रेमचंद यांच्या शब्दावर कर्जे दिली जाऊ लागली. १८६५च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि कालपर्यंत लाखांचे असलेले कागद रद्दीच्या मोलाचे झाले. बँकही खचली. १८६८ साली ती मोडीत निघाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने बंधने सैल करणाऱ्या कायद्याकडे, सेक्रेटरींच्या कारभाराकडे, प्रेमचंद यांच्या प्रभावाकडे आणि संचालकांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवले.

संचालक म्हणजे मुंबईतली नामांकित माणसे. बैठका होत होत्या, कागद फिरत होते. पण 'हे कर्ज कशाच्या तारणावर दिले?' हा साधा प्रश्न वेळेवर आणि नेटाने विचारला गेला नाही. भरभराटीच्या काळात असा प्रश्न विचारणारा माणूस अडाणी तरी ठरतो किंवा मत्सरी तरी. म्हणून शहाणी माणसे गप्प बसतात.

पुढची शंभर वर्षे उडी मारून जाऊ, कारण आपल्याला यंत्रापाशी पोहोचायचे आहे. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या यांत्रिकीकरणासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९८४चा. त्याच सुमारास कर्मचारी संघटना आणि बँका यांच्यात संगणकाविषयी करार झाला. ते वाद आठवणारे वाचक आजही असतील. संगणक आला तर नोकऱ्या जातील, ही भीती खरी होती आणि त्यावर तावातावाने बोलले गेले. मात्र लाल कापडात बांधलेले लेजर गेल्यावर हिशेब कोणाला दिसेल आणि कोणाला दिसणार नाही, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने थोडी झाली. लेजरमधली खाडाखोड दिसते. शाई वेगळी, अक्षर वेगळे, पान फाडले तर दोरा सैल. शाखेत नव्याने आलेल्या कारकुनालाही ते कळे. संगणकात खाडाखोड दिसायची तर ती कुठे पाहायची हे ठाऊक असावे लागते, आणि पाहण्याची परवानगीही असावी लागते.

ही गोष्ट किती महाग पडू शकते, ते २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत महाराष्ट्राने पाहिले.

फेब्रुवारी २०१८मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा बाहेर आला. परदेशी बँकांना पैशाची हमी देणारे संदेश 'स्विफ्ट' या यंत्रणेतून जात होते, पण बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती. दोन यंत्रे शेजारी शेजारी होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. अशा यंत्रणांच्या गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६पासून आपण बँकांना किमान तीनदा सावध केले होते, असे रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितले. रक्कम अखेर १३ हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली. हे उघड कसे झाले? जुना अधिकारी निवृत्त झाला होता. हिऱ्यांच्या कंपन्या नवी हमी मागायला आल्या, तेव्हा नव्या माणसांनी नियमाप्रमाणे विचारले, 'तारण काय?' उत्तर आले, 'आजवर तर असेच मिळत होते.' मग जुनी नोंद शोधली गेली, आणि ती सापडली नाही. इतकेच.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ही १९०६ सालची जुनी सहकारी बँक. एटीएममधून पैसे मागितले की मंजुरी देणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी खोटी यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत गेली. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, त्यातला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला होता, हे आपण शाळेत शिकलो. हा यंत्राचा तोतया.

पण सामान्य माणसाच्या काळजाला हात घातला तो २०१९च्या प्रकरणाने. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले. पहिला आदेश असा होता की, खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील. ही १९८४ साली स्थापन झालेली, १३७ शाखांची बँक. ठेवी ११,६०० कोटींच्या घरात. ठेवीदार होते रिक्षावाले, दुकानदार, निवृत्त शिक्षक, गृहनिर्माण सोसायट्या आणि लहान पतसंस्था. काय घडले होते? पोलिसांकडच्या तक्रारीनुसार, एकाच बांधकाम उद्योगसमूहाची ४४ कर्जखाती थकली होती. ती झाकण्यासाठी कागदोपत्री २१,०४९ खोटी लहान कर्जखाती तयार करण्यात आली. तपासनीसांपुढे ठेवल्या जाणाऱ्या यादीत ती होती, मुख्य संगणकप्रणालीत मात्र ती नव्हती. खरी खाती पाहण्याची मुभा बँकेतल्या मोजक्याच लोकांना होती. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सुमारे ७० टक्क्यांहून अधिक कर्ज त्या एकाच समूहाकडे होते. कोण किती दोषी, हा निवाडा न्यायालयाचा. पण संचालक मंडळ होते, लेखापरीक्षक होते, दरवर्षी सर्वसाधारण सभा होत होती, टाळ्याही वाजत होत्या. एवढे सगळे असताना डोंगर दिसला नाही.

इथेही भांडे फुटले ते माणसांमुळे. त्या वेळच्या बातम्यांनुसार, बँकेच्या कर्ज विभागातल्या काही महिला कर्मचाऱ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना खरी खाती दाखवली. ना कोणत्या खुर्चीचा मान त्यांच्याकडे होता, ना मंडळावरचे नाव. दरकदाराचे काम त्यांनी केले.

जानेवारी २०२२मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळायला १० वर्षांपर्यंतचा काळ योजनेत धरला गेला. सत्तरीच्या माणसाला १० वर्षे थांब म्हणणे म्हणजे काय, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. काही चांगलेही झाले. फेब्रुवारी २०२०मध्ये ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. २०२०च्या कायदेदुरुस्तीने सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेचा अधिकार वाढला. पण हे सगळे घाव बसल्यावरचे औषध.

आतापर्यंतच्या गोष्टींत यंत्राआड माणूस लपला होता. आता उलटी गोष्ट ऐका, यंत्राने माणसाला चोर ठरवल्याची. ती इंग्लंडमधली आहे. तिथल्या टपाल खात्याच्या कंपनीने १९९९पासून 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली आणली. गावोगावची छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते की पैसे घेतलेले नाहीत, चूक संगणकाची आहे. पण संगणक बरोबर चालतो असे तिथला कायदाच गृहीत धरत होता. १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक लोक दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेले, कोणी घर विकून ती न घेतलेली रक्कम भरली. चौकशी आयोगाच्या २०२५च्या अहवालाने किमान १३ आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असू शकतो असे नोंदवले. ॲलन बेट्स नावाच्या एका टपालचालकाने वर्षानुवर्षे एकच हेका धरला: यंत्रातली नोंद आम्हाला दाखवा. २०१९ साली न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे मान्य केले आणि २०२४मध्ये संसदेने खास कायदा करून शिक्षा रद्द केल्या. त्या कंपनीलाही संचालक मंडळ होते, आणि तेही शिकलेल्या, प्रतिष्ठित माणसांचे. त्यांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि माणसांवर ठेवला नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. ही यंत्रे आधीच्या संगणकापेक्षा एका बाबतीत वेगळी आहेत. जुना संगणक सांगितलेला नियम पाळत असे. नवे यंत्र लाखो जुनी उदाहरणे पाहून स्वतःच नियमासारखे काहीतरी शिकते, आणि काय शिकले ते त्याला बनवणाऱ्यालाही नेहमी नीट सांगता येत नाही. समजा, कर्ज कोणाला द्यायचे हे त्याला ठरवायला लावले. त्याच्यापुढे गेल्या २० वर्षांचे निर्णय ठेवले. त्या २० वर्षांत जर काही वस्त्यांना कर्ज देताना हात आखडता घेतला गेला असेल, तर यंत्र तेच शिकेल. जात विचारणार नाही, धर्म विचारणार नाही. पिनकोड पाहील आणि नाही म्हणेल. मालेगावचा यंत्रमागवाला, ज्याचे येणे मालाच्या उठावावर अवलंबून. निफाडचा कांदेवाला, ज्याच्या खात्यात काही महिने काहीच जमा होत नाही. नाशिकरोडची शिवणकाम करणारी बाई, जिचा व्यवहार सगळा रोखीचा. यांचा प्रामाणिकपणा यंत्राला दिसेलच असे नाही. पूर्वी साहेबाने नाकारले तर निदान साहेबाशी भांडता येत होते. आता खिडकीवरचा माणूस म्हणेल, 'सिस्टिम घेत नाही.' हे वाक्य आपण आताच किती वेळा ऐकतो!

रिझर्व्ह बँकेच्या त्या समितीचे अध्यक्ष होते मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य. संगणकाला भारतीय भाषांतल्या शब्दांचे परस्परसंबंध समजावेत म्हणून तिथे जे शब्दजाळ विणले गेले, त्या कामामागचे ते विद्वान. त्यात मराठीही आहे. शब्दांच्या जगातला माणूस पैशाच्या यंत्रावर अंकुश सुचवतो, याचे माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्याला कौतुक वाटले. समितीने सात तत्त्वे सांगितली आणि त्यांना 'सूत्रे' म्हटले. विश्वास हा पाया, माणूस आधी, न्याय्य वागणूक, उत्तरदायित्व, यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असणे ही त्यांतली काही. तिसऱ्यापर्यंत मोजत गेलात तर नावीन्याला विनाकारण रोखू नये हेही सूत्र तिथे आहे, आणि तेही रास्त आहे. समितीसाठी झालेल्या पाहणीत ६१२ संस्थांपैकी १२७ संस्था ही बुद्धिमत्ता वापरत होत्या किंवा तयार करत होत्या. नागरी सहकारी बँकांत हे प्रमाण अगदीच थोडे. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी बँकांपुढे अजून वेळ आहे. यंत्र दारात यायच्या आधी प्रश्न तयार ठेवता येतील.

अडचण कायद्याच्या अभावाची नाही. कंपनी कायदा, २०१३ सांगतो की संचालकाने योग्य काळजी, कौशल्य आणि दक्षता बाळगावी, स्वतंत्र बुद्धीने निर्णय घ्यावा. त्याच कायद्यात स्वतंत्र संचालकही आहेत. पण पेशवाईतल्या दरकदाराची ती जुनी अट आठवा. ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याच्या मर्जीवर आपली खुर्ची नसावी. अनेक कंपन्यांत स्वतंत्र संचालक निवडून येतो तो मालक घराण्याच्या मतांवर, आणि सहकारी बँकेत पॅनेलच्या मतांवर. मग बैठकीत कोणी अवघड प्रश्न विचारला की बाकीचे घड्याळाकडे पाहतात.

यंत्रबुद्धीवर देखरेख करायला प्रत्येक संचालकाने संगणकशास्त्र शिकावे असे नाही. बँक ऑफ बॉम्बेच्या संचालकांना जो प्रश्न विचारायला हवा होता, तो समजायला पदवी लागत नव्हती. आजचेही प्रश्न तितकेच साधे आहेत. हे यंत्र नेमके कोणत्या कामावर आहे? कोणती उदाहरणे पाहून ते शिकले? त्याने ज्यांना नाकारले, त्यांची यादी कोणी माणूस पुन्हा तपासतो का? ते चुकले तर ग्राहकाने कोणाचे दार ठोठवायचे? यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने उद्या हात वर केले तर? आणि गडबड दिसली की बंद करण्याचा अधिकार कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात लिहिली जावीत. इतिवृत्तात आले नाही ते विचारलेच गेले नाही, असे पुढे कोणीही म्हणू शकते.

शिवाय खिडकीवर बसलेल्या कर्मचाऱ्याला भीती न बाळगता वर कळवता आले पाहिजे. वरच्या दोन्ही भारतीय बँकांचे भांडे फुटले ते खालच्या पायरीवरच्या माणसाच्या प्रश्नाने. ती पायरी रिकामी करून तिथे यंत्र बसवले, तर पुढच्या वेळी प्रश्न विचारणार कोण? खर्च वाचवण्याच्या हिशेबात ही बाकी कोणी धरत नाही.

राहिलो आपण. महाराष्ट्रात सहकारी बँकेचे, पतसंस्थेचे सभासद असलेली कुटुंबे गावोगाव आहेत. दरवर्षी सप्टेंबर उजाडला की वार्षिक सभांचे अहवाल घरी येतात. लाभांशाचा आकडा पाहून आपण ते बाजूला ठेवतो. सभेला जातो तेही बहुधा चहा-नाश्त्यापुरते, आणि 'मंजूर, मंजूर' म्हणून परततो. सभासदाला कोणताही मॅनेजर काढून टाकू शकत नाही. त्या अर्थाने आजचा खरा दरकदार तोच आहे. या वर्षी अहवाल आला की तो उघडावा, सभेत उभे राहावे आणि अध्यक्षांना अदबीने विचारावे: साहेब, कर्जाचे निर्णय कोणते यंत्र घेते, आणि त्याच्यावर दुसरी सही कोणाची आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)